आभारासाठी उतरवलेलं इंजिन

सिस्टरच्या गाडीला काहीएक झालेलं नव्हतं. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचा एक ओलसर डाग होता, एवढंच. त्या वयाच्या गाडीला असा डाग असायचाच. नसला तर आतलं तेल संपलंय असं समजावं. पण दाजींना सिस्टरचे आभार मानायचे होते, आणि आभार मानण्याची त्यांना एकच रीत ठाऊक होती. त्यांनी इंजिन उतरवलं.

झालं होतं असं, की दाजींची बायको न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलने हाड जोडलं आणि बाई घरी पाठवून दिली. पुढे तिचं काय करायचं ते एका कागदावर लिहिलेलं होतं, पण अक्षर डॉक्टरांचं असल्याने तो कागद दाजींनी तीन दिवस नुसताच उलटासुलटा करून पाहिला. शेवटी तो वाचला सिस्टरनी. सिस्टर म्हणजे आरोग्य केंद्राच्या फिरत्या परिचारिका. तीन महिने त्या एक दिवसाआड घरी आल्या. त्यांनी बायकोला आधी कुशीवर वळवलं, मग बसवलं, मग उभं केलं, आणि एका सकाळी ती काठी टेकत स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत जाऊन परत आली. दाजी खिडकीतून बघत होते. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकल्यावर इंजिन जसे आचके देतं, तसे दोन-तीन आचके त्यांनी दिले आणि मग शब्द बाहेर पडले.

"सिस्टर, गाडी चार दिवस गॅरेजला सोडा."

"का? काय झालंय तिला?"

"काही नाही. म्हणूनच सोडा."

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. गॅरेज सुरू झालं तेव्हा मेव्हणा त्यांना दाजी म्हणायचा. ते ऐकून गिऱ्हाइकं दाजी म्हणू लागली, मग पोस्टमन, मग पोलीस, मग विमा कंपनीचा माणूस. अशा रीतीने दाजींच्या बायकोला हजारभर भाऊ फुकटात मिळाले. खरा भाऊ त्यामानाने फारच महागात पडला, असं दाजी म्हणत.

हा खरा भाऊ म्हणजे करंट. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि बोलण्यात त्याला हात लावणारा कोणी नव्हता. म्हणून हे टोपणनाव. बहीण मात्र त्याला 'करंट्या' अशी हाक मारी. ती लाडाने मारते की वर्णन करते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

गॅरेज दोघांचं मिळून होतं. पत्र्याची मोठी शेड, मागे पाण्याचा हौद, पुढे चिंचोळा रस्ता, आणि मध्ये जमिनीवर पिवळ्या रंगाची एक रेघ. रेघेच्या डावीकडे दाजींचं इंजिन खातं, उजवीकडे करंटचं वायर खातं. ही रेघ बायकोने आखून दिली होती. चौदा वर्षांपूर्वी एका गाडीचा हॉर्न आपोआप वाजायचा. ते इंजिनाच्या थरथरण्यामुळे की उघड्या पडलेल्या वायरीमुळे, यावर दोघांचं इतकं जुंपलं की गाडीवाला हॉर्न वाजवतच दुसऱ्या गॅरेजला गेला. त्या संध्याकाळी बायकोने रंगाचा डबा आणला, रेघ मारली आणि निकाल दिला: नट-बोल्ट दाजींचे, वायर करंटची. एकाने दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. त्या दिवसापासून दोघांत भांडण झालं नाही. भांडण्यासाठी बोलावं लागतं.

गाडी आधी दाजींकडे थांबे, मग धक्का मारून रेघेपलीकडे जाई. दोन्ही खात्यांतून सुटली की बाहेर पडे. एखाद्या सरकारी कचेरीत चालतं तसंच सगळं चालायचं, फक्त इथे काम होत असे.

सिस्टरच्या गाडीसाठी दाजींनी हात आखडता घेतला नाही. इंजिन साखळीने वर उचललं, लाकडी घोडीवर बसवलं, पार उघडलं. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुतला, फडक्याने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि जो चांगला होता तोही बदलला. करंट रेघेपलीकडून बघत होता.

"दाजी, त्या इंजिनाला काय झालंय?"

"कृतज्ञता," दाजी म्हणाले.

चार दिवसांचे आठ दिवस झाले. पण गाडी परत गेली तेव्हा इंजिन असं गुणगुणत होतं की सिस्टरनी चालू असलेली गाडी पुन्हा चालू करायला चावी फिरवली. दाजींना त्या रात्री छान झोप लागली.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी सिस्टरनी चावी फिरवली आणि स्टार्टर दमेकऱ्यासारखा कण्हला. गर्र... गर्र... आणि मान टाकली. गाडी ढकलत रेघेच्या उजव्या बाजूला आली. करंटने बॅटरी तपासली. अर्धी उतरलेली होती. त्याने नवी बसवली आणि गाडी चालू झाली. "इंजिन कितीही घासा," तो पत्र्याच्या छताला उद्देशून म्हणाला, "बॅटरी लागतेच."

तीन दिवसांनी गाडी परत. या वेळी तापमानाचा काटा लाल खुणेला टेकलेला. तापणं हे डावीकडचं खातं. दाजींनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, पाण्याचा पंप उघडून पुन्हा बसवला. इंजिनावर हात ठेवून पाहिला तर ते मुळी तापलेलंच नव्हतं. काटा मात्र तापलेला होता. दाजींनी त्यालाही माफ केलं.

पुन्हा दोन दिवसांनी गाडी बंद. करंटने स्टार्टर काढून साफ केला. मग पुन्हा बंद. दाजींनी पेट्रोलचा फिल्टर बदलला. गाडी रेघेच्या इकडून तिकडे आणि तिकडून इकडे अशी जात-येत राहिली, आणि दर वेळी तिच्यावर शेरा एकच: 'आमच्या खात्यातून दुरुस्त आहे.'

मग शनिवारी दुपारी दुधाच्या टेम्पोने ती दोराने ओढून आणली. आत सिस्टर बसल्या होत्या. मांडीवर औषधांची पेटी, पायाशी ड्रेसिंगचे डबे. त्या शांतपणे उतरल्या, आणि त्यांचा हा शांतपणाच दाजींना सोसवेना.

"सिस्टर, रागवा हवं तर," ते म्हणाले.

"रागवायला वेळ नाही, दाजी. हे वाचा."

केंद्राचं पत्र होतं, टाइप केलेलं, त्यामुळे दाजींना वाचता आलं. खाणीपलीकडच्या सतरा घरांची फेरी या महिन्यात दोनदा चुकली आहे. तिसऱ्यांदा चुकल्यास ती फेरी बंद करण्यात येईल. रुग्णांनी सोयीनुसार केंद्रात यावे. सिस्टरनी केंद्रातल्या टेबलावर बसावे. फेरी सोमवारी होती.

"सोयीनुसार म्हणजे कसं यायचं?" करंटने रेघेच्या काठावर येऊन विचारलं.

"त्या बाजूला बस जात नाही. सतरापैकी अकरा जणांना उभंच राहता येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हा ते सोयीनुसार येणार नाहीत."

"दुसरी गाडी बघू की. दाजी, तुमची?"

दाजींची स्वतःची गाडी मागच्या हौदाजवळ सहा वर्षं विटांवर उभी होती. तिच्यात कोंबडी अंडी घालत असे. हा विषय कोणी पुढे नेला नाही.

सिस्टरनी पेटीतून एक छोटी वही काढली. "मी सगळं लिहून ठेवलंय. कधी बंद पडते, आधी काय होतं, कशाने वाढतं. पेशंटचा चार्ट ठेवतो तसा. बघा काही कळतं का." आणि करंटच्या स्कूटरवर मागे बसून, दोन्ही डबे सांभाळत, त्या घरी गेल्या.

वही आधी दाजींनी घेतली. तिच्यात सुबक अक्षरात तारखा, वेळा आणि नोंदी होत्या. दाजींनी काळ्या अंगठ्याने आपल्या खात्याच्या ओळी तेवढ्या शोधल्या: काटा चढला, काटा उतरला, ॲक्सिलरेटर जड. बाकीच्या ओळी वायरीच्या, म्हणजे मेव्हण्याच्या. दुसऱ्याचं पत्र उघडून वाचू नये तशा त्यांनी त्या सोडल्या. मग वही रेघेवर ठेवली. करंट परत आल्यावर त्याने ती उचलली आणि आपल्या ओळी वाचल्या: दिवे मंद, स्टार्टर हळू, वायपर रेंगाळतो. काट्याच्या ओळी त्याने सोडल्या. वही पुन्हा रेघेवर.

"तुमच्याकडचं आहे," दाजी म्हणाले.

"तुमच्याकडचं आहे," करंट म्हणाला.

चौदा वर्षांतलं त्यांचं हे सगळ्यात मोठं संभाषण होतं.

तेवढ्यात काठीचा टक-टक आवाज आला. दाजींची बायको, हातात जेवणाचा डबा, शेडमध्ये शिरली. बरी झाल्यापासून गॅरेजपर्यंत ती आज पहिल्यांदाच चालत आली होती. दोघेही खुर्ची आणायला धावले, आणि खुर्ची नेमकी कोणाच्या खात्यात ठेवावी म्हणून घुटमळले. तिने ती स्वतः ओढून रेघेवर ठेवली, दोन पाय इकडे, दोन पाय तिकडे, आणि बसली.

"सिस्टर रस्त्यात भेटली. पत्राचं सांगितलंन. ती वही बघू."

"अगं, त्यात तुला काय कळणार?"

"वाचता येतं मला. तुम्ही दोघांनी वाचली का?"

"वाचली," दोघे म्हणाले.

"सगळी?"

तिने चष्मा चढवला आणि शाळेत धडा वाचावा तशी, एक ओळ न गाळता, मोठ्याने वाचायला लागली.

"मंगळवार. सकाळी दिवे बंद, काटा मध्यावर. पुलाजवळ धुकं होतं म्हणून दिवे लावले. काटा चढला. दिवे विझवले. काटा उतरला."

दाजींच्या हातातलं फडकं थांबलं.

"बुधवार. वायपर चालू केला, काटा थोडा चढला. वायपर बंद, काटा जागेवर. गुरुवार. चावी फिरवली, स्टार्टर हळू. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा ॲक्सिलरेटर जड झाला. खाली वाकून त्याची केबल चाचपली. हाताला चटका बसला. इंजिन थंडगार होतं." तिने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण दिवे लावल्यावर पाणी का तापावं? आणि थंड गाडीची केबल का भाजावी?"

शेडमध्ये इतकी शांतता झाली की हौदाजवळची कोंबडी ऐकू आली.

"दाजी," करंट हळूच म्हणाला. या वेळी तो छताशी न बोलता दाजींशी बोलत होता. "इंजिनातला करंट परत कुठून येतोय?"

"परत म्हणजे?"

"बॅटरीतून निघालेला करंट काम करून परत बॅटरीत यावा लागतो. स्टार्टर इंजिनाला बसवलेला. इंजिन रबराच्या गाद्यांवर, म्हणजे गाडीच्या अंगाला ते चिकटलेलंच नाही. मग परत यायला एक रस्ता ठेवलेला असतो, अर्थिंगचा. तो रस्ता बंद असला तर करंट काय करेल? पुढचं दार लावलेलं असलं की पाहुणा शेजारच्यांच्या स्वयंपाकघरातून शिरतो, तसा मिळेल त्या वाटेने शिरेल. ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. ती बिचारी तेवढी जाड नाही, म्हणून तापते."

"आणि काटा?"

"काट्याला इंजिनाकडून खबर मिळते. इंजिनाचाच पाया हलला तर खबर खोटी. दिवे लावले की करंट जास्त, पाया जास्त हलणार, काटा वर."

बोलता बोलता त्याने जम्पिंगची जाड केबल उचलली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला आणि दुसरा हातात धरून तो रेघेवर थबकला. चिमटा लावायचा होता इंजिनावर, आणि इंजिन दाजींचं.

"लाव की, करंट्या!" बहीण ओरडली.

त्याने चिमटा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावला. दाजींनी चावी फिरवली. अर्धी फिरायच्या आतच इंजिन चालू झालं. दाजींनी दिवे लावले. भिंतीवर लख्ख उजेड पडला, आणि काटा जागचा हलला नाही.

आता अर्थिंगची पट्टी कुठे गेली, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर दोघांनाही एकदमच आठवलं. शेडच्या मागच्या भिंतीला, रेघ जिथे संपते तिथे, एक पत्र्याचा डबा टांगलेला होता. कोणत्या खात्याची वस्तू हे ठरत नसलं की ती त्या डब्यात पडे. दाजींनी हात घातला. वरच होती ती: तांब्याच्या तारांची विणलेली, वीतभर लांबीची पट्टी, दोन्ही टोकांना बोल्टची भोकं.

इंजिन उतरवताना दाजींनीच तिचे बोल्ट सोडवले होते. बोल्ट दाजींचे, म्हणून ते जपून ठेवले. पट्टी तारांची, म्हणजे मेव्हण्याची, म्हणून ती डब्यात टाकली. इंजिन परत बसवलं तेव्हा सगळे बोल्ट आपापल्या जागी घट्ट आवळले. तेही दोन आवळले, खाली काहीच न धरता. करंटने डब्यात पट्टी पाहिली होती. पण तिला बोल्टची भोकं, वर ग्रीस, म्हणजे दाजींची. उगाच कशाला हात लावा?

"म्हणजे दोष कोणाचा?" करंटने विचारलं.

दोघांनी आशेने रेघेकडे पाहिलं. रेघेने काही मदत केली नाही.

"एक टोक तुमचं, एक टोक त्याचं," बायको म्हणाली. "लावा आता."

लोखंडावरचा रंग आणि गंज करंटने काचकागदाने घासून चकचकीत केला. इंजिनाकडचा बोल्ट दाजींनी आवळला, बॉडीकडचा करंटने. दोघे एकाच वेळी एकाच बॉनेटखाली वाकले, तेव्हा डोक्याला डोकं आपटलं. मग करंटने मीटर लावून तपासलं, दाजींनी दहा वेळा गाडी बंद-चालू केली, आणि दहाही वेळा ती पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"सिस्टरना सांगू, वायर सैल होती," करंट म्हणाला. "खोटं नाही. जी वायर डब्यात असते ती सैलच असते."

दाजींना ते पटत होतं. पण बायको काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

"सांगतो गं खरं. योग्य वेळ बघून सांगतो."

"सोमवारी सकाळी सात वाजता ती निघते," बायको म्हणाली. "तेव्हा बरी वेळ असते."

सोमवारी सात वाजता दाजी हत्यारांची पिशवी घेऊन सिस्टरच्या शेजारी बसले. निमित्त गाडीच्या चाचणीचं. फाटकाबाहेर पडल्यावर सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मग पुलावर, मग खाणीच्या वळणावर. वळण आलं आणि गेलं.

पहिलं घर एका निवृत्त शिक्षकांचं होतं. सिस्टरना बघून ते पलंगावर कोपरांवर रेलून उठले आणि दाजी कोण हे कळल्यावर त्यांनी दोन्ही हात धरले.

"तुम्ही ते मेकॅनिक! सिस्टर सांगत होत्या, एक पैसा न घेता सगळं इंजिन नवं करून दिलंत. आज त्या आल्या त्या तुमच्यामुळे. फार उपकार झाले हो."

"नाही, नाही," दाजी म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात इतक्या प्रामाणिकपणे कधीच म्हटलं नव्हतं, आणि इतका विनयशील माणूस शिक्षकांनी पाहिला नव्हता.

सिस्टर पायाची पट्टी सोडत होत्या. "दाजी, ते भांडं धरा जरा." दाजींनी भांडं धरलं. पट्टी सुटली. जखम कडेने लाल झाली होती. सिस्टरनी नवा कापूस भिजवला.

"मागच्या दोन फेऱ्या हुकल्या ना," शिक्षक सहज म्हणाले, जणू पाऊस उघडला नाही असं सांगत असावेत. "जरा चिघळलं. पण आता काळजी नाही. आता गाडी दुरुस्त झाली."

दाजींनी भांडं घाईने खाली ठेवलं. पाणी चादरीवर सांडलं. शिक्षकांनी त्याबद्दलही त्यांचे आभार मानले, का कोण जाणे.

दुसऱ्या घरी बाळंतिणीच्या सासूने त्यांना चहा दिला आणि तुमच्या हाताला यश येवो म्हणाली. तिसऱ्या घरी एका म्हाताऱ्याने त्यांना आपला पाण्याचा पंप दाखवला. चौथ्या घरी आजीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. दाजी बासष्ट वर्षांचे होते आणि आजीला दिसत नव्हतं, म्हणून हात आधी नाकावर पडला. सिस्टरनी त्यांची कीर्ती आधीच सगळ्या फेरीभर पोचवली होती. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी आभार, आणि प्रत्येक घोटाबरोबर दाजी जास्त जास्त अस्वस्थ. नवव्या घरून निघाल्यावर त्यांना तो चहा मावेना.

"सिस्टर, गाडी बाजूला घ्या."

"बिघडली?"

"गाडी नाही. मी."

त्या थांबल्या. दाजी समोरच्या काचेकडे बघत सगळं बोलले. पट्टी, डबा, रेघ, दोन बोल्ट, खाली काहीच नसताना आवळलेले. एकही वाक्य सोडलं नाही. "गाडी चांगली होती," त्यांनी शेवट केला. "मी ती बिघडवली. त्या मास्तरांचा पाय मी चिघळवला."

सिस्टर त्यांच्याकडे वळल्या.

"म्हणजे इंजिनाला काहीच झालं नव्हतं?"

"तेलाचा डाग होता."

"तेवढ्यासाठी उतरवलंत?"

"आभार मानायचे होते."

सिस्टरनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. त्या रडताहेत असं वाटून दाजी घाबरले. पण खांदे हलत होते ते निराळ्याच कारणाने. डोळे पुसून त्या सरळ बसल्या.

"मास्तरांचा पाय भरून येईल. आता रोज येईन, आठ दिवसांत सुधारेल. त्यांना मात्र तुम्ही स्वतः सांगायचं, परतीच्या वाटेवर." मग म्हणाल्या, "दाजी, तुम्हाला एक सांगते. वहिनींना मी पहिला वॉकर दिला होता ना, तो दोन खाचा उंच लावला होता. माझीच चूक. चार दिवस त्यांचे खांदे भरून यायचे."

"मला कोणी बोललं नाही!"

"मी म्हटलं, दाजींना सांगते आणि माफी मागते. तर वहिनी म्हणाल्या, अजिबात सांगू नका. हे तो वॉकर खोलून बसतील, सगळे स्क्रू रॉकेलमध्ये घालतील, आणि मी आणखी महिनाभर अंथरुणात."

दाजींना यावर काहीतरी बाणेदार बोलायचं होतं. पण बायकोचा अंदाज बरोबर होता.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. "पुढच्या वेळी आभार मानायचे असले तर तोंडाने माना," सिस्टर म्हणाल्या. "स्वस्त पडतं."

"तोंडाने जमत नाही मला."

"करून तर बघा. मी गाडी चालवतेय. तुमच्याकडे बघत नाहीये."

दाजींनी घसा साफ केला. एक फर्लांग गेला. मग ते म्हणाले, "काल सकाळी ओले बूट घेऊन मी घरात शिरलो. ती ओरडली माझ्यावर. शेजारी ऐकू जाईल असं." ते थांबले. "उभी राहून ओरडली, सिस्टर. दोन्ही पायांवर उभी राहून."

सिस्टरनी गिअर बदलला, जरा खडखडवतच. गिअरबॉक्सचा तो आवाज दाजींनी कानाआड केला. अशी गोष्ट त्यांच्याकडून पूर्वी कधी झाली नव्हती.

पुढची सात घरं झपाझप झाली. घरोघर कागदावर एक सही किंवा अंगठा, आणि हा कागद पाच वाजेपर्यंत केंद्रात पोचला की फेरी राहिली. चार वाजता गाडी सतराव्या घरासमोर उभी राहिली. आत एका बाईंना अंघोळ घालायची होती, म्हणून दाजी बाहेर थांबले. सिस्टरनी गाडी बंद केली, चावी त्यांच्या हातात दिली आणि कागद घेऊन आत गेल्या.

दाजी गाडीपाशी उभे राहिले. इंजिन थंड होताना टिक-टिक वाजत होतं. त्यांचा हात सवयीने बॉनेटच्या कडेशी गेला. पट्टी पुन्हा एकदा बघावी. नुसती बघावी. फार तर बोल्टला अर्धा फेरा द्यावा. बोटं पत्र्याखाली शिरली, खटका सापडला.

घरातून एक म्हातारा गृहस्थ बाहेर आले. पायरीवर बसत त्यांनी काळजीने विचारलं, "काय हो, बिघडलीय का?"

दाजींनी हात काढून घेतला, खिशात घातला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"नाही," ते म्हणाले. "छान आहे ती."

मग दोघेही त्या छान गाडीकडे बघत बसून राहिले, आणि आतून सिस्टरचा आवाज आला, की आजी, अंगठा इथे, या चौकोनात, हां, झालं.